सूर चुकवण्याची विद्या
(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



अशा प्रसंगी मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो आढावा छापील अहवालाच्या रूपाने आपल्या हाती आहेच. त्यामुळे आज मला थोडी मोकळीक मिळाली आहे. मी बोलणार आहे अभिजात संगीताच्या विडंबनाविषयी. पुढच्या रांगेतल्या काही भुवया उंचावलेल्या मला दिसतात. परंतु हा विषय आपल्या शाळेच्या वेळापत्रकाशी थेट निगडित आहे, तेव्हा थोडा धीर धरावा.

जानेवारी २०२४ मध्ये पीटर शिकेले हे अमेरिकन संगीतकार वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी निवर्तले. ती बातमी वाचली आणि एम.ए.च्या दिवसांत एका ग्रंथालयाच्या ध्वनिफीत विभागात कानाला यंत्र लावून, तोंडावर रुमाल धरून हसू दाबलेल्या दुपारी आठवल्या. पुढे संसार, बी.एड., शाळा यांच्या धबडग्यात तो छंद तीसेक वर्षे मागे पडला होता. त्या रात्री भाच्याने मोबाइलवर ते सारे शोधून दिले, आणि मी पहाटेपर्यंत ऐकत बसले. नवल म्हणजे, पूर्वीपेक्षा अधिक हसले.

शिकेले यांची युक्ती काय होती, ते सांगते. योहान सेबास्टियन बाख हा पाश्चात्त्य संगीताचा पितामह. त्याला वीस अपत्ये झाली आणि त्यांतले काही पुत्र स्वतःही थोर संगीतकार झाले. शिकेले यांनी त्याला एकविसावा पुत्र बहाल केला. त्याचे नाव पी. डी. क्यू. बाख, जन्म १८०७, मृत्यू १७४२. आकडे मी उलटे वाचलेले नाहीत. ते तसेच आहेत. या दिव्य पुरुषाची हस्तलिखिते शोधून काढणारा प्राध्यापक म्हणून शिकेले स्वतः रंगमंचावर येत, आणि त्यांचे विद्यापीठ असे ‘दक्षिण उत्तर डाकोटा विद्यापीठ’. न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतसंस्थेत विद्यार्थी असताना मित्रांसाठी केलेली ही थट्टा १९६५ साली त्याच शहराच्या टाउन हॉलमध्ये जाहीरपणे सादर झाली, आणि पुढे अनेक दशके चालली. ट्रॉम्बोन या वाद्याला बसून या दुसऱ्याच वाद्याची पत्ती बसवून त्यांनी ‘ट्रॉम्बून’ नावाचे वाद्य सिद्ध केले. त्याचा आवाज ऐकून म्हशीलाही वैषम्य वाटावे.

पण माझी आवडती गोष्ट वेगळी आहे. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग वाजत असतो आणि दोन समालोचक त्याचे क्रीडासामन्यासारखे धावते वर्णन करीत असतात. हसता हसता श्रोत्याच्या ध्यानात येते की या दोघांनी रचनेचे सारे अंतरंग उलगडून दाखवले आहे. मूळ सूत्र कोठे आले, कोठे परतले, कोठे अनपेक्षित वळण मिळाले, हे सारे कळते. संगीतरसग्रहणाची अनेक गंभीर पुस्तके मी चाळली आहेत; त्या दहा मिनिटांनी मला अधिक दिले, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकेले हे स्वतः गंभीर रचनाकार होते, हे येथे विसरू नये. त्यांच्या स्वतःच्या नावावर शंभराहून अधिक रचना आहेत. बाखसारखे लिहिता आल्याखेरीज बाखची नक्कल करता येत नाही.

ही परंपरा जुनी आहे. मोझार्टने आपल्या रचनांच्या यादीत १४ जून १७८७ रोजी ‘सांगीतिक विनोद’ नावाची एक कृती नोंदवली. दोन शिंगवाद्ये आणि तंतुवाद्ये यांच्यासाठीची. तिच्यात बेसूर वाजवणाऱ्यांची थट्टा आहे, आणि त्याहूनही अधिक अर्धवट संगीतकारांची. कल्पना सुरू होते आणि तेथेच अडखळते. एकल व्हायोलिन ऐटीत वर चढत जाते आणि भलत्याच सुरावर पोचते. शेवटी तर प्रत्येक वाद्याचा षड्ज निराळा होऊन सारा डोलारा कोसळतो. ही नोंद झाली तेव्हा मोझार्टचे वडील जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्यातला काही भाग आधीच लिहिलेला असावा असे अभ्यासक म्हणतात. तरीही ती तारीख वाचून मी क्षणभर थांबते.

कामीय सँ-साँस या फ्रेंच रचनाकाराने १८८६ साली ‘प्राण्यांचा कार्निव्हल’ लिहिला. त्यात कासवासाठी त्याने ऑफेनबाखचे धांदलीचे, पाय उडवीत नाचायचे कॅन-कॅन घेतले आणि ते रांगत्या लयीत वाजवले. प्राण्यांच्या या मेळ्यात सिंह, हत्ती यांच्या जोडीला त्याने ‘पियानोवादक’ हाही एक प्राणी घातला असून ते बिचारे स्वरांचे पलटे घोटत असतात! आपल्या गंभीर कीर्तीला बाधा येईल या भीतीने त्याने ‘हंस’ हा एक भाग वगळता सारी कृती हयातीत छापू दिली नाही. १९२१ मध्ये तो वारला, आणि १९२२ मध्ये ती लोकांसमोर आली. आज त्याचे नाव सर्वसामान्य श्रोता घेतो ते बहुधा याच कृतीमुळे.

आणि जेरार्ड हॉफनुंग! बर्लिनमध्ये जन्मलेला, नाझी राजवटीमुळे लहानपणीच लंडनला आलेला हा व्यंग्यचित्रकार ट्यूबा वाजवीत असे. १९५६ साली त्याने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये विनोदी संगीताचा महोत्सव भरवला. माल्कम अर्नल्डने त्यासाठी तीन व्हॅक्यूम क्लीनर, फरशी घासण्याचे एक यंत्र, चार बंदुका आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी एक भव्य रचना केली. डेनिस ब्रेन हा त्या काळचा श्रेष्ठ हॉर्नवादक. त्याने बागेला पाणी घालायच्या रबरी नळीवर मोझार्टच्या वडिलांची, म्हणजे लिओपोल्ड मोझार्टची रचना वाजवली, आणि ती सुरात वाजवली. हॉफनुंग १९५९ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला.

गेल्या वर्षी मी आठवीच्या वर्गाला यांतले काही ऐकवले. रबरी नळीला आणि व्हॅक्यूम क्लीनरला वर्ग कोसळला. मोझार्टच्या विनोदाला मात्र शांतता. साहजिकच आहे, शेवटचा गोंधळ सोडला तर तेथे काय चुकते आहे हे कळायला बरोबर काय ते आधी कानात असावे लागते. तेव्हा आमच्या संगीत शिक्षकांनी पेटी पुढे ओढली आणि त्याच मुलांसमोर भूप वाजवायला घेतला. या मुलांनी भूपाची सरगम पाचवीपासून म्हटलेली आहे. दोन-तीन आवर्तने नीट झाल्यावर सरांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने मधेच एक ठसठशीत मध्यम लावला. वर्गात खसखस पिकली. मग तिहाई अशी घेतली की ती समेच्या एक मात्रा पुढे जाऊन पडली. यावेळी मागच्या बाकावरचा, एरवी कशातच लक्ष नसलेला मुलगा सर्वांत मोठ्याने हसला. भूपात मध्यम वर्ज्य आहे, हे त्याने परीक्षेत लिहिले होते की नाही, मला ठाऊक नाही. त्याच्या कानाला ते माहीत होते.

पालकहो, आता वेळापत्रकाकडे येते. आठवीपासून पुढे संगीताचा तास बंद करून तो गणिताच्या जादा तासाला द्यावा, असा अर्ज काही पालकांनी शाळेकडे दिला आहे. त्यांची काळजी मी समजू शकते. मीही आई आहे. पण तो तास गेला, तर पुढच्या वर्षीच्या आठवीला सरांचा मध्यम ऐकून काहीही वाटणार नाही, आणि आपले काय गेले हेही कोणाला कळणार नाही.

असे घडताना मी मराठीच्या तासाला पाहिले आहे. केशवकुमार या नावाने आचार्य अत्र्यांनी लिहिलेली ‘झेंडूची फुले’ मी नोकरीच्या आरंभी वर्गात वाचत असे, तेव्हा मुले लोटपोट हसत. घराबाहेर पाऊल टाकताच तेलुगू आणि दख्खनी कानी पडणाऱ्या या हैदराबाद शहरात ती मुले हसत, कारण रविकिरण मंडळाच्या मूळ कविता त्यांच्या घरी कोणीतरी गुणगुणत असे. आज मी तेच वाचते, आणि मुले सौजन्याने ऐकून घेतात. ते सौजन्य मला फार बोचते.

म्हणून संस्थाचालकांच्या संमतीने मी या वर्षापुरता तरी तो अर्ज बाजूला ठेवला आहे. संगीताचा तास राहील, आणि महिन्यातून एकदा मराठीचे व संगीताचे शिक्षक तो मिळून घेतील. मूळ कविता आधी, विडंबन नंतर. राग आधी, थट्टा नंतर.

त्याचे पहिले फळ स्नेहसंमेलनात शनिवारी सायंकाळी सहा वाजता आपल्यासमोर येईल. शिकेले यांच्यापासून स्फूर्ती घेऊन आठवीच्या मुलांनी विलंबित ख्यालाचे क्रिकेटसारखे धावते समालोचन मराठीत लिहिले आहे. बुवा आलापी लांबवत आहेत, तबलजी समेची वाट पाहून थकले आहेत, तानपुरा लावणारा शिष्य डुलक्या घेतो आहे, आणि मधेच प्रेशर कुकरची शिट्टी नेमकी पंचमात होते. शिट्टी पंचमात आणण्यासाठी मुलांनी शाळेच्या स्वयंपाकघरातले तीन कुकर तपासले. शेवटी ते काम बासरीवर भागवले आहे. सम आली की समालोचक उठून उभे राहतील. ती नेमकी कोठे आली ते आपल्याला कळले नाही, तर शेजारी बसलेल्या आपल्या पाल्याला विचारावे.