भातसा : धरण उशाशी, गाव उंचावर

(आसनगाव येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आसनगाव स्थानकात उतरणाऱ्या प्रवाशाचे लक्ष प्रथम वेधून घेतो तो माहुलीचा डोंगर. शहापूर तालुक्यातील अशा डोंगररांगांवर पडणाऱ्या पावसाने सव्वाशेहून अधिक वर्षे मुंबईची तहान भागविली आहे. १८९२ मध्ये तानसा धरण झाले. पुढे वैतरणेचे पाणी अडविण्यात आले. आणि १९८३ मध्ये भातसा धरण पूर्ण झाले. मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा आज एकट्या भातसाचा आहे.

सुमारे ८८ मीटर उंचीच्या या धरणाची योजना अभ्यासण्याजोगी आहे. तानसाचे पाणी जलवाहिन्यांतून मुंबईस जाते. भातसाचे पाणी मात्र १५ मेगावॉट क्षमतेच्या वीजगृहातून पुन्हा नदीपात्रात सोडले जाते व पात्रातूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत पोहोचते. तेथे ते उपसून पांजरापूर येथे शुद्ध केले जाते. नदीनेच कालव्याचे काम केल्यामुळे मोठा खर्च वाचला.

परंतु नदी सखल भागातून वाहते आणि तालुक्यातील अनेक पाडे डोंगरउतारावर वसलेले आहेत. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही येथील कठीण काळा पाषाण पाणी फारसे साठवीत नाही. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. धरणातून पाणी वर चढवावयाचे तर वीज हवी, आणि वीजबिल थकले की योजना बंद पडते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ मध्ये आला, तेव्हा भातसाचे काम सुरू झालेले होते. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्या आणि उंचावरील गावांच्या गरजांचा विचार आराखड्यातच व्हावयास हवा, हा धडा यातून मिळतो.

घाटमाथ्यावरील भावली धरणातून शहापूरला पाणी आणण्याची योजना शासनाने हाती घेतली, ती याच दृष्टीने महत्त्वाची आहे. भावली उंचावर असल्याने पाणी उताराने येऊ शकते. जो उतार आजवर पाणी दूर नेत होता, तोच आता ते पाड्यांपर्यंत आणू शकेल. मात्र नळ दारी आल्यावर गळती रोखणे, पाणीपट्टी वेळेवर गोळा करणे आणि शेवटच्या पाड्याला त्याचा वाटा मिळतो की नाही हे पाहणे, ही कामे ग्रामपंचायतीचीच आहेत. धरण अभियंते बांधतात. पाण्याचा न्याय्य वाटा गावाने जागरूक राहूनच मिळवावयाचा असतो.