'बुधावरची चेटकीण' आपण का पाहावी?

(हिंगोली जिल्ह्यातील महिला मंडळांच्या व किशोरी गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



किशोरी गटांना नवे काय दाखवता येईल यावर बोलायला तुम्ही मला सांगितले आहे. पथनाट्य, पोस्टर प्रदर्शन, माहितीपट हे सगळे आपण वर्षानुवर्षे करत आलो. आज मी एका जपानी चित्रमालिकेची शिफारस करणार आहे. तिचे नाव 'मोबाइल सूट गंडाम : द विच फ्रॉम मर्क्युरी'. मूळ जपानी नावाचा अर्थ होतो 'बुधावरची चेटकीण'. बुध म्हणजे आकाशातला ग्रह. ऑक्टोबर २०२२ ते जुलै २०२३ या काळात ती जपानी टीव्हीवर दोन टप्प्यांत दाखवली गेली. एकूण चोवीस भाग आणि त्याआधीची एक नांदी.

या प्रकाराशी ज्यांची ओळख नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. जपानी चित्रमालिकांना 'ॲनिमे' म्हणतात. त्यातला एक मोठा प्रकार म्हणजे 'मेका'. माणूस आत बसून चालवतो अशा अजस्र यंत्रमानवांच्या या गोष्टी. १९७२ साली आलेल्या 'माझिंगर झेड'पासून ही रीत रूढ झाली. १९७९ साली योशियुकी तोमिनो या दिग्दर्शकाने 'गंडाम' आणली आणि यंत्रमानव हा जादूचा सोबती न राहता युद्धातले हत्यार झाला. ती पहिली मालिका लोकांनी फारशी पाहिली नाही म्हणून ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली. पण पुढच्याच वर्षी तिची प्लॅस्टिकची मॉडेल बाजारात आली, ती धडाधड खपली आणि गंडामची मोठी परंपरा सुरू झाली.

हे क्षेत्र मुलग्यांचे. टीव्हीवरच्या मुख्य गंडाम मालिकांमध्ये चाळीस वर्षांहून अधिक काळ यंत्रात बसणारा नायक मुलगाच असे. ही पहिली मालिका जिच्यात ती जागा मुलीला मिळाली. आधीचे काहीही पाहिलेले नसले तरी अडत नाही, कारण कथा अगदी स्वतंत्र आहे. म्हणून नव्या प्रेक्षकांनी सुरुवात इथूनच करावी असे मी म्हणते.

आता गोष्टीकडे येऊ.

काळ भविष्यातला. अंतराळात राहणाऱ्यांच्या हाती कंपन्या, पैसा आणि शस्त्रे आहेत. पृथ्वीवर राहिलेले लोक गरीब, आणि त्यांच्या भूमीवर दुसऱ्यांच्या हत्यारांची परीक्षा होते. कंपन्यांच्या एका महासमूहाने चालवलेली एक तंत्रशाळा आहे. तिथे बुध ग्रहावरून सुलेत्ता नावाची मुलगी शिकायला येते. बुजरी, अडखळत बोलणारी, आईच्या शब्दाबाहेर न जाणारी. तिच्याजवळ 'एरियल' नावाचा यंत्रमानव आहे. त्याला ती घरचे माणूस मानते.

त्याच शाळेत मिओरिने आहे, महासमूहाच्या अध्यक्षाची मुलगी. शाळेत वाद मिटवायचे ते यंत्रमानवांच्या द्वंद्वाने. आणि बापाने नियम करून ठेवला आहे की द्वंद्वात जो अव्वल ठरेल तो मिओरिनेचा नवरा. तिला कोणी विचारलेले नाही. म्हणून ती पळून जायच्या प्रयत्नात आहे. तिच्या स्वतःच्या मालकीची जागा एकच, एक काचघर. तिथे ती मृत आईने तयार केलेल्या वाणाचे टोमॅटो वाढवते. पहिल्याच भागात तेव्हाचा अव्वल मुलगा तिथे घुसून नासधूस करतो. सुलेत्ता मध्ये पडते, द्वंद्व होते, ती जिंकते. आणि नियमाप्रमाणे मिओरिनेचा 'नवरा' एक मुलगी ठरते.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटायचे कारण नाही. हा 'पण' आहे. धनुष्य उचलेल त्याला मुलगी, मासा भेदेल त्याला मुलगी. वाल्मीकी रामायणात सीतेला 'वीर्यशुल्का' म्हटले आहे, म्हणजे पराक्रम हेच जिचे मोल. आपण त्याला स्वयंवर म्हणत आलो, पण पण लावला बापाने. नाव स्वयंवराचे आणि वर निवडणार धनुष्य, अशी ती व्यवस्था. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिले होते. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना सांगितले की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. ज्या परभणीतून १ मे १९९९ रोजी आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तिथे हा आकडा ४८ टक्के होता. ऊसतोडीला जाताना पोरगी कुठे ठेवायची, तिच्या जिवाला काही झाले तर काय, या धास्तीने लग्ने कशी उरकली जातात ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता.

सेनगाव तालुक्यातल्या एका गावी आम्ही मुलींबरोबर पहिले चार भाग पाहिले. पहिला संपल्यावर नववीतली एक मुलगी म्हणाली, "मावशी, अंतराळात जाऊन बी बापच ठरवतो का?" त्या एका प्रश्नावर दीड तास चर्चा झाली. बालविवाहावर व्याख्यान दिले की मुली माना खाली घालून बसतात, कारण बोलले तर घरचे निघते. मिओरिनेबद्दल मात्र त्या मोकळेपणी बोलल्या. तिची कड घेताना त्या आपलीच कड घेत होत्या.

पण एवढ्यासाठीच असते तर मी इतका आग्रह केला नसता. या मालिकेचा गाभा आहे आई.

सुलेत्ताची आई प्रोस्पेरा मुखवटा घालून वावरते. नांदीमध्ये ती तरुण आहे, तिचा एक हात कृत्रिम आहे आणि ती एका संशोधन संस्थेत काम करते. तिथे 'गंड' नावाचे तंत्र शोधले गेले आहे. अंतराळात माणसाचे शरीर टिकावे, गेलेला अवयव परत मिळावा, यासाठी. तेच तंत्र लढाऊ यंत्रात घातले जाते आणि चालवणाऱ्याच्या शरीरावर उलटते. मग बंदीच्या नावाखाली त्या संस्थेतल्या माणसांची कत्तल होते. त्या दिवशी तिच्या चिमुकल्या मुलीचा वाढदिवस असतो. वाचलेली ही आई पुढे काय करते, याची सगळी मालिका.

ती वाईट आई नाही. ती मुलीवर माया करते, गोड बोलते, धीर देते. माघार घेतली तर एक मिळते, पुढे गेलीस तर दोन, असे तिने लेकीला शिकवले आहे. ऐकायला किती चांगले! आपणही मुलींना हेच सांगतो. पण बाराव्या भागात हीच शिकवण सुलेत्ताच्या हातून असे काही करवते की पाहणारीचा श्वास अडकतो. आणि ते करून झाल्यावर ती मुलगी हसत असते, कारण आईने सांगितले ते तिने केले. तिथे मला कळले की ही मालिका आपल्या कार्यकर्त्यांनीही पाहायला हवी.

बापाच्या सत्तेला नाव द्यायला आपण शिकलो आहोत. नवऱ्याच्या, सासरच्या, जातपंचायतीच्या सत्तेलाही. आईच्या मायेतून चालणाऱ्या सत्तेबद्दल बोलताना आपली जीभ जड होते, कारण आई स्वतःच पिचलेली असते. जिच्यावर अन्याय झाला तिने आपल्या लेकीचे आयुष्य त्या अन्यायाची भरपाई म्हणून वापरावे का? "मला शिकता आले नाही, तू शीक" हे चांगलेच. पण "मला सोसावे लागले, म्हणून मी म्हणते तसेच कर" इथे ते कधी सरकते? मालिका आईला राक्षसीण करत नाही आणि सोडूनही देत नाही. हा समतोल आपल्या साहित्यातही फार थोड्या ठिकाणी सापडतो.

आता 'चेटकीण' या शब्दाकडे. मालिकेत गंडाम चालवणाऱ्यांना चेटकीण म्हणून हिणवतात. बाईच्या हाती अशी विद्या आली जी मोठ्यांच्या ताब्यात नाही, की तिला हे नाव मिळते. करणी, भुताळी, डाकीण हे शब्द आपल्याकडे कोणासाठी वापरले जातात? एकटी बाई, विधवा, जमिनीचा हिस्सा मागणारी. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी शब्द गावात शिल्लकच आहे. त्या शब्दाच्या मागे काय दडले आहे ते मुलींशी बोलायला इथे चांगली जागा मिळते.

बचत गटाच्या बायांना सातवा आणि आठवा भाग दाखवा. मिओरिने गंडामवरची बंदी टाळण्यासाठी स्वतःच कंपनी काढते आणि वसतिगृहातल्या गरीब, पृथ्वीवरच्या मुलामुलींना तिच्यात घेते. मग प्रश्न येतो, बनवायचे काय? शस्त्र बनवले तर पैसा लगेच येईल. मुले ठरवतात की तंत्र पुन्हा औषधोपचाराकडे न्यायचे. ठराव, भांडण, मतभेद सगळे आहे. आपल्या मासिक बैठकीपेक्षा फार वेगळे नाही.

कोणी म्हणेल, यंत्र आणि अंतराळ यांच्याशी आपल्या बायांचा काय संबंध? औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या तिच्या दोन भुजा असणार. ती चालवणाऱ्यांत औंढ्याच्या किती मुली असतील, की त्यांच्या वाट्याला तिथली झाडलोटच येईल? यंत्रात कोण बसणार हा प्रश्न इथलाच आहे.

दिसायला ही मालिका अत्यंत देखणी आहे. काचघरातला उजेड, अंतराळातली निःशब्द पोकळी, यंत्रांच्या हालचालीतले वजन, यावर पैसा आणि मेहनत दोन्ही ओतलेले दिसतात. मात्र हेही मुलींना सांगा की या उद्योगात खालच्या पायरीवर चित्रे काढणाऱ्यांना कमी मोबदल्यात फार राबावे लागते, अशी तक्रार जपानमध्ये वर्षानुवर्षे आहे. आणि मालिकेमागे मॉडेल विकणारी मोठी कंपनी उभी आहे. शस्त्रांच्या व्यापारावर टीका करणारी गोष्ट शस्त्रांचीच खेळणी विकते, ही विसंगती झाकायचे कारण नाही. शेवटाकडे कथा घाईत आहे, आणि पृथ्वीवरच्या लोकांच्या दुःखाला मिळायला हवी होती तेवढी जागा मिळत नाही, असेही माझे मत आहे.

शेवट सगळा सांगत नाही. पण शेवटी सुलेत्ता आणि मिओरिने या दोघींच्या बोटांत अंगठ्या दिसतात, एवढे सांगायला हवे, कारण त्यानंतर जे घडले तोही आपला विषय आहे. मालिका संपल्यावर 'गंडाम एस' या मासिकातल्या मुलाखतीत दोघींच्या 'लग्ना'चा उल्लेख छापून आला. मासिकाच्या डिजिटल आवृत्तीतून तो शब्द गाळला गेला. जुलै २०२३ च्या अखेरीस निर्मात्या कंपनीने खुलासा केला की अर्थ प्रेक्षकांनी आपापला लावावा. पडद्यावर अंगठी चालते, कागदावर शब्द चालत नाही! प्रेक्षक रागावले ते योग्यच होते. जपानच्या कायद्यात दोन स्त्रियांच्या लग्नाला मान्यता नाही. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही अशा लग्नाला मान्यता द्यायचे काम आपले नाही, संसदेचे आहे, असे म्हटले. ज्या मैत्रिणी जोडीने राहतात त्या आपल्या गावांतही आहेत, फक्त त्यांच्या नात्याला शब्द नाही. गटात हा विषय कसा काढावा, हे आपल्याला पुष्कळदा सुचत नाही. या मालिकेने तो आपोआप निघतो.

आता दाखवायचे कसे ते सांगते. मालिका मराठीत नाही. जपानी संवाद आणि खाली इंग्रजी अक्षरे, किंवा इंग्रजी आवाज. त्यामुळे एकीने आधी पाहून मराठीत थोडक्यात लिहून आणावे आणि थांबवत थांबवत सांगावे. आम्ही कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे हे काम दिले. दुसऱ्या बैठकीपासून बाकीच्या मुलीच अर्थाचा अंदाज बांधू लागल्या. एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा. म्हणजे एका बैठकीत एकच भाग आणि तेवढीच चर्चा, यापेक्षा जास्त नको. नांदी आणि बारावा भाग यांत रक्तपात आहे. ते कार्यकर्त्यांनी आधी पाहावेत आणि लहान मुलींना दाखवू नयेत.

चर्चेसाठी चार प्रश्न पुरेत. मिओरिनेच्या लग्नाचा निर्णय कोणी घेतला आणि तिने त्यावर काय केले? सुलेत्ताला स्वतःला काय हवे आहे, हे तिला केव्हा कळते? औषधासाठी शोधलेली विद्या हत्यार कशी झाली? आणि आईचे म्हणणे कुठवर ऐकावे?

शेवटच्या प्रश्नाला आया उपस्थित असतील तर फार चांगले. मुलींना घाई करू नका, आणि आयांनाही बोलू द्या. ज्या गटांना दाखवायचे आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी नावे नोंदवावीत. पहिल्या दोन बैठकांना मी येईन. तिसरीपासून तुमच्या मुलीच चालवतील.