बेकायदा कचरा आणि नागरिकाचा अर्ज

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बहुधा परीक्षा, शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या यांविषयी बोलले जाते. ते आवश्यकच आहे. मी मात्र आज कचऱ्याविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. परंतु ज्या मुलांना आपण शिकवून शहाणे करू पाहतो, ती मुले कोणते पाणी पितात आणि कोणत्या हवेत झोपतात, हा प्रश्नही शिक्षणाचाच आहे.

रस्त्यावर केळीची साल टाकणे ही वाईट सवय झाली. रात्री टेम्पो आणून नाल्याकाठी गोणी उलट्या करणे, दवाखान्यातील सुया ओढ्यात फेकणे, कारखान्याचे रासायनिक पाणी टँकरने खाडीत सोडणे, ही गोष्ट निराळी. असे का होते? हिशेब सोपा आहे. घातक कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावायला पैसे पडतात. तो ठरलेल्या केंद्रावर न्यावा लागतो, वाहनासोबत कागदपत्रे ठेवावी लागतात. टँकरवाला थोडक्या पैशांत तोच माल 'कुठेतरी' नेऊन टाकतो. वाचलेला खर्च मालकाच्या खिशात जातो आणि तो भरून काढतात नाल्याकाठी राहणारे लोक. नाल्याकाठी कोण राहते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही.

२०१४ साली उल्हासनगरला वालधुनी नदीत असेच रासायनिक पाणी सोडले गेले आणि रात्रीतून शेकडो लोकांना श्वास घेता येईना. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधील रसायन नाल्यात सोडले जात असताना विषारी वायू पसरला आणि सहा जणांचा जीव गेला. ते जवळच्या गिरणीतले कामगार होते. पोटासाठी आलेल्या त्या माणसांचा काय अपराध होता?

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथील कारखान्यांनी विषारी गाळ उघड्यावर टाकला. पावसाबरोबर तो जमिनीत मुरला आणि आसपासच्या विहिरींचे पाणी पिण्याच्या, शेतीच्या लायकीचे उरले नाही. प्रकरण १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, निकाल १९९६ मध्ये लागला. जो प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. तरीही २०११ साली न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. यातून घ्यायचा धडा एवढाच की, पाणी एकदा नासले म्हणजे न्याय मिळूनही विहीर लवकर परत मिळत नाही. म्हणून पहिली गाडी रिकामी होते, त्याच दिवशी तक्रार झाली पाहिजे. जिथे पहिल्या गाडीला कोणी हटकत नाही, तिथे दहावी गाडी हमखास येते.

यावर पालक तीन गोष्टी म्हणतात. पहिली, 'अर्ज देऊन काय होणार?' मध्य प्रदेशातील रतलाम शहराच्या एका वस्तीतील रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की, पैसे नाहीत या सबबीवर नगरपालिकेला कर्तव्य टाळता येणार नाही. ज्या कलमाखाली तो अर्ज झाला, ते फौजदारी संहितेचे कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे. सुरुवात एका मोहल्ल्याच्या कागदाने झाली होती, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट, 'नसती भानगड कशाला?' भीती खरी आहे, मी तिला हसत नाही. म्हणूनच एकट्याने अर्ज करू नये. मोहल्ला कमिटी, मच्छीमार सोसायटी किंवा आपली ही संस्था, यांच्या नावाने आणि पंचवीस-तीस सह्यांनी अर्ज गेला तर एका माणसावर कोणी डोळा ठेवत नाही.

तिसरी गोष्ट कोणी मोठ्याने बोलत नाही. 'टाकणारा आपलाच आहे.' कोंबडीच्या दुकानातील पिसे, कुर्बानीनंतरचे अवशेष, तांब्यासाठी जाळलेल्या वायरी, फोडलेल्या बॅटरीचे आम्ल, यांतले काही आपल्याच भावांच्या हातून नाल्यात जाते. बॅटरीतील शिसे लहान मुलांच्या मेंदूला इजा करते आणि ती इजा भरून येत नाही. साक्ष आप्तांविरुद्ध गेली तरी न्याय सोडू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. वाटेतील उपद्रवी वस्तू दूर करणे हे पुण्यकर्म मानणाऱ्यांनी वाटेत उपद्रव टाकणाऱ्याला पाठीशी कसे घालावे? आधी त्याला प्रेमाने समजवा. नाहीच ऐकले तर अर्ज करा.

आता अर्ज कसा करावा ते सांगतो. मुलांनो, प्रथम तुम्ही ऐका. अशा ढिगाला हात लावू नका, वास घेऊ नका, गाडीवाल्याशी हुज्जत घालू नका, तिचा पाठलाग करू नका. दुरून पाहा आणि घरी वा शाळेत सांगा. पुढचे काम मोठ्यांचे.

मोठ्यांनी चार गोष्टी टिपून घ्याव्यात : नेमकी जागा, तारीख व वेळ, गाडीचा नंबर, आणि काय टाकले त्याचे वर्णन. सुरक्षित अंतरावरून फोटो घ्यावा. दवाखान्याच्या पिशव्यांवर बारकोड असावा असा २०१६ च्या नियमांचा दंडक आहे. तो फोटोत आला तर पिशवी कोठून आली ते शोधता येते. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे. ऐकीव नाव अर्जात घालू नये. त्याने खरी तक्रारही खोटी ठरते.

अर्ज कोणाकडे द्यावा? साधा कचरा वा राडारोडा असेल तर गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिकेचा आरोग्य विभाग. रासायनिक किंवा दवाखान्याचा असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जवळचे कार्यालय, आणि एक प्रत तहसीलदारांना. टँकर डोळ्यांसमोर रिकामा होत असेल, डोळे चुरचुरत असतील, तर आधी तेथून दूर व्हावे आणि लगेच ११२ ला फोन करावा.

तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. गेल्या वर्षी आपल्या नववीच्या मुलांनी ओढ्याकाठी पिवळ्या पिशव्या पाहिल्या. दोन पालकांनी संबंधित कार्यालयात तोंडी सांगितले, काही झाले नाही. मग फोटो जोडून सह्यांचा अर्ज दिला, पोच घेतली, आठवड्याने पुन्हा जाऊन चौकशी केली, तेव्हा पिशव्या उचलल्या गेल्या. उत्तर आलेच नाही तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून 'आमच्या अर्जाचे काय झाले' असे विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यापुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यातच आहे.

पालकहो, आपण मुलांना मराठीच्या तासाला अर्जलेखन शिकवतो ते केवळ पाच गुणांसाठी नव्हे. ज्या घरात अर्ज लिहिता येतो, त्या घराच्या दारात कचरा टाकताना माणूस दोनदा विचार करतो. या वर्षी प्रत्येक मोहल्ल्यातून दोन पालकांनी या कामासाठी आपली नावे मुख्याध्यापकांकडे द्यावीत, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.