छातीवरची खूण आणि माहेरची फाईल

शहागडहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या पोरी आता गावोगावी लग्नाला आल्यात. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येऊन लेकरं तपासतं, हृदयात दोष दिसला तर मोठ्या दवाखान्यात पाठवतं. पण ते बघतं 18 वर्षांपर्यंतच. पुढं पोरगी सासरी जाते आणि फाईल माहेरच्या पेटीत राहते. कधी मुद्दाम ठेवतात, सोयरीक मोडायला नको म्हणून.

साधं छिद्र वेळेत बुजवलं असेल तर बहुतेकींना पुढं त्रास नसतो. जी बाळं निळी पडायची, त्यांचं वेगळं. त्यातल्या पुष्कळांना ‘फॅलो’ नावाचा दोष असतो. त्यात डॉक्टर छिद्र बुजवतात आणि फुप्फुसाकडं जाणारी अरुंद वाट मोठी करतात. तसं करताना तिथली झडप पुष्कळदा नीट मिटेनाशी होते. मोटारीचा फूटव्हॉल्व गळला की पाईपातलं पाणी मागं जातं ना, तसं रक्त मागं येतं. हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षं हे ओझं ओढतो आणि फुगत जातो. बाईला कळतही नाही. कापूस वेचताना दम लागला तर म्हणते, ऊन लागलं! कप्पा फार फुगायच्या आत झडप बदलावी लागते; कुणाची छाती उघडून, कुणाची पायाच्या शिरेतून. वेळ कधी आली, ते तपासणीतच कळतं.

अशा पुष्कळ जणींची बाळंतपणं सुखरूप होतात. पण दिवस जायच्या आधी इको काढून हृदयाच्या डॉक्टरांना विचारायला हवं. धातूची झडप बसवलेली असेल तर रक्त पातळ करायच्या गोळ्या बाळाला बाधू शकतात, आणि मनानं बंद केल्या तर आईच्या जिवावर बेततं.

सासूबाईंनो, तुम्हालाही सांगतो. सुनेच्या छातीवरची खूण दिसली तर ‘फसवलं’ म्हणू नका, फाईल मागवून घ्या. सापडत नसेल तर जिथं ऑपरेशन झालं, तिथं नाव आणि साल सांगून कागद मागा. दात किडू देऊ नका, तिथूनही जंतू हृदयात जातात. ताप हटत नसेल तर डॉक्टरांना ऑपरेशनचं आधी सांगा.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या. संभाजीनगरच्या एसटीत आपल्याला अर्धंच तिकीट आहे.