सड्यावर सांडलं, झऱ्यात उतरलं

(कोल्हापूर येथील शिबिरातील भाषण)



जल, जंगल, जमीन असं आपण एका दमात म्हणतो. पण जमिनीच्या पोटातलं पाणी दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. आज त्याचंच बोलायचं.

शाहूवाडी, राधानगरी, चंदगडकडं डोंगरमाथ्यावर जांभ्याचा सडा. जांभा छिद्राछिद्राचा. पाऊस त्यात मुरतो आणि खाली झऱ्याला येतो. आपल्या वाड्या, धनगरवाडे त्यावरच जगतात. त्याच सड्यात बॉक्साइट. ते काढणारी यंत्रं डिझेलवर चालतात. टाकी गळली, जुनं ऑइल मातीत ओतलं, तर तेही पावसासंगं त्याच वाटेनं उतरणार. तेलाला डोंगरात वेगळी वाट नसतीय.

तेल तरंगतं, पण त्यातलं बेंझीन पाण्यात विरघळतं. पेट्रोलमध्ये ते जास्त, डिझेलमध्ये कमी. त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम. वास यायच्या कितीतरी आधी पाणी बिघडलेलं असतं. तुरटी, टीसीएल याला चालत नाही. उकळलं तर वाफ चुलीपाशी बसलेल्या बाईच्याच छातीत जाते.

पाण्यावर रंगीत साय दिसली तर काडी फिरवा. तुकडे पडून तसेच राहिले तर ती बहुधा लोहाच्या जिवाणूंची. पुन्हा जुळले तर तेल समजा आणि पाणी भरणं थांबवा.

सफाई होते, पण सोपी नाही. आधी गळती बंद करायची, तेलकट माती उचलायची, तरंगणारं तेल उपसायचं, पाण्यात हवा खेळवायची, कोळशातनं गाळायचं. उरलेलं जिवाणू खातात, त्याला वर्षं लागतात. काळ्या दगडाच्या भेगांत शिरलेलं तर हाताला लागणं मुश्किल.

खर्च कुणाचा? उदयपूरजवळच्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या. 13 फेब्रुवारी 1996 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ज्यानं घाण केली त्यानंच सफाईचा खर्च द्यायचा. तरी प्रकरण 2011 पर्यंत कोर्टात ओढलं गेलं. निकाल हातात, विहीर तशीच!

म्हणून आधीच जागं व्हा. वनहक्क कायदा 2006, कलम 5. पाणलोट आणि पाणवठे राखायचा अधिकार ग्रामसभेचा. ठराव करा: यंत्र यायच्या आधी झऱ्याचं पाणी तपासून अहवाल ग्रामसभेच्या दप्तरात, झऱ्याच्या वरच्या अंगाला डिझेलचा साठा नको. नाहीतर उद्या म्हणतील, "तुमचं पाणी आधीपासूनच असलं होतं." मग दाखवणार काय?

जिंदाबाद!