पाहणे आणि पाठविणे
(अंगणवाडी सेविका व प्राथमिक शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी शिक्षक असताना एक मुलगा सहाव्या वर्षी पहिलीत आला. त्यास हाक ऐकू येत नव्हती. मी त्यास हट्टी समजलो. "याचा बापही उशिराच बोलला," असे आजी सांगे. अशा समजुतीत त्याची मोलाची वर्षे गेली.

आता तसे होता कामा नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले तपासणीस पात्र आहेत. अंगणवाडीत आरोग्य पथक वर्षातून दोनदा येते. विकासात विलंब आढळल्यास बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. तेथील सेवा विनामूल्य आहे. त्यासाठी आधी दिव्यांगत्वाचा दाखला हवा, हा गैरसमज होय.

बालक १८ महिने उलटूनही चालत नसेल, २ वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा हाकेसरशी वळत नसेल, तर पथकाच्या फेरीची वाट न पाहता आरोग्य केंद्रास कळवावे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम. वेळीच पाहणे आणि पाठविणे हे आपले कर्तव्य. शंका खोटी ठरली, तर आनंदच आहे.