एकाच पंपात सगळी औषधं?
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांचा आढावा आधीच्या वक्त्यांनी घेतलाच आहे. माझ्या वाट्याला आली आहे बाग. बँकेत असताना पीककर्जाच्या निमित्तानं जिल्ह्यातली शिवारं पालथी घातली, आणि १९७२ पासून कृषी विद्यापीठ आपल्या गावातच आहे. तेव्हा तणावर बोलायला परभणीकरानं लाजू नये.

मागच्या सर्वसाधारण सभेत सूचना आली होती, ‘हिरवळीत फार तण झालंय. दोन-तीन तणनाशकं एका पंपात टाका, एकदाच मारा, कटकट मिटेल.’ सूचना अगदीच टाकाऊ नाही. तणनाशकं एकत्र वापरतातच. आपले सोयाबीनवाले इमॅझेथापायर आणि इमॅझामॉक्सचं तयार मिश्रण मारतात. अमेरिकेत लॉनवर टू-फोर-डी, मेकोप्रॉप आणि डायकांबा यांचं मिश्रण वर्षानुवर्षं चालत आलं आहे. एक औषध ज्या तणाला सोडतं, त्याला दुसरं धरतं, एवढाच त्यातला हिशेब. दोन्ही औषधं त्याच तणांना धरणारी असली तर मात्र उपयोग थोडा. एकाच घरातले दोन जामीनदार घेऊन कर्ज काही सुरक्षित होत नाही!

आता आपल्या हिरवळीत आहे काय ते पाहा. ज्या हराळीला शेतकरी शिव्या देतो, ती इथं आपलं पीक आहे. तिच्यात रुंद पानांची तणं, म्हणजे घोळ, दुधी, कडेनं गाजर गवत. आणि लव्हाळा. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. दांडा बोटांत फिरवा, तिकोनी लागतो. वरून उपटला की जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात. आपल्या माळीमामांनी किती वेळा उपटलाय, ते सगळ्यांनी पाहिलंय.

टू-फोर-डी रुंद पानांना मारतं आणि हराळीला सहसा सोडतं. लव्हाळ्याच्या गाठींपुढं त्याचं फारसं चालत नाही. तिथं हॅलोसल्फ्युरॉन लागतं, ऊसवाल्यांना ते ठाऊक आहे. तेव्हा जोडी लावायचीच तर या दोघांची. ग्लायफोसेट या पंपात नकोच, ते तणाबरोबर हराळीही वाळवतं. शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून त्याची फवारणी कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती मर्यादित केली. निव्वळ गवत मारणारी औषधं टू-फोर-डीसोबत घातली, तर पुष्कळदा त्यांचाच जोर कमी होतो. म्हणजे पैसे दुप्पट आणि काम निम्मं.

बोअरच्या पाण्याचंही पाहायला हवं. जड पाण्यातल्या कॅल्शियमनं टू-फोर-डीच्या अमाईन क्षाराचा असर घटतो, म्हणून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी बरं. आणि पंप भरण्याआधी काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडं मिसळून अर्धा तास ठेवा. दाणेदार औषध आधी विरघळवायचं, पातळ नंतर. साका बसला, गोळे झाले, की ते मिश्रण पंपात जाता कामा नये.

सोसायटीच्या भिंतीपलीकडे कपाशी आहे, हे सूचना करणाऱ्यांच्या ध्यानात नसावं. टू-फोर-डीचा तुषार वाऱ्यानं तिकडं गेला तर कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी चिंबतात आणि पातं-फूल मार खातं. त्यातही ईस्टर प्रकाराची वाफ मारल्यानंतरही उडते, म्हणून अमाईनच घ्यायचं. शेजाऱ्याचं वर्षाचं पीक आपल्या हिरवळीपायी जायला नको.

आणि माळीमामा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती कीटकनाशकं होती हे खरं, पण तेव्हाही पंपात काय काय मिसळलं जातंय, यावर बरीच चर्चा झाली होती. ‘एकदाच मारा’ म्हणणारा खुर्चीत बसतो, पंप दुसऱ्याच्या पाठीवर असतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा. दोन्ही डब्यांवरची लेबलं घेऊन उद्यान समितीनं विद्यापीठाच्या कृषिविद्या विभागात जाऊन हिरवळीसाठीची मात्रा विचारून यावी. तोवर कोपऱ्यातल्या एका तुकड्यावरही फवारणी नको. होकार आला तर आधी त्या तुकड्यावर, वारा नसलेल्या सकाळी मारावं, आणि सांगतील तितके दिवस मुलांनी तिथं खेळू नये. बालगोपाळांनो, ऐकताय ना? माळीमामांचे हातमोजे, गॉगल आणि गमबूट यांचा खर्च मात्र आजच मंजूर करावा. माझा वाटा मी खजिनदारांकडे दिला आहे, पावती यायची आहे.